कार्ल्सबाड रचना: प्याद्यांच्या जोरावर हल्ला कसा करावा आणि तो कसा परतवावा

बुद्धिबळाच्या डावात दहा-बारा चाली होतात, मोहरी बाहेर येतात, दोन्ही राजे किल्लेकोट करून बसतात आणि मग हात थांबतो. पाठ केलेलं ओपनिंग संपलेलं असतं. अशा वेळी क्लबमधले बरेच खेळाडू एखादा घोडा इकडून तिकडे फिरवतात किंवा कडेचं प्यादं एक घर ढकलून बघतात. खरं तर पुढच्या वीस चालींचा बेत त्याच क्षणी पटावर मांडलेला असतो. तो वाचायचा असेल तर मोहऱ्यांकडे नाही, प्याद्यांकडे बघायला हवं. मोहरी चालीगणिक जागा बदलतात, पण समोरासमोर अडकलेली प्यादी तासभर तशीच राहतात. शिवाय प्यादं मागे येत नाही. ते पुढे सरकलं की मागे सोडलेली घरं त्याला पुन्हा कधीच राखता येत नाहीत. हल्ला आणि बचाव दोन्ही या एका गोष्टीभोवती फिरतात.

प्याद्यांच्या दहा रचना वरवर पाहण्यापेक्षा एकच रचना दोन्ही बाजूंनी नीट शिकावी, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी कार्ल्सबाडसारखी दुसरी रचना नाही. यात पांढऱ्याचा बेत स्पष्ट असतो, काळ्याचा बचाव तितकाच समृद्ध असतो, आणि ही रचना नवशिक्यांच्या डावात येते तशी विश्वविजेत्यांच्या डावातही येते.

लेखात उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी नावं आहेत आणि आडव्या ओळींना पांढऱ्याकडून १ ते ८. नुसतं घराचं नाव असेल तर ती प्याद्याची चाल, आणि × म्हणजे मारणं. पट समोर मांडूनच वाचा. नुसतं डोळ्यांनी वाचलं तर यातलं फारसं काही हाती लागणार नाही.

रचना मांडा आणि वाचा

पटावर आधी फक्त प्यादी ठेवा. पांढरी ए२, बी२, डी४, ई३, एफ२, जी२, एच२ वर. काळी ए७, बी७, सी६, डी५, एफ७, जी७, एच७ वर. पांढरा राजा जी१ वर, काळा जी८ वर.

ही स्थिती क्वीन्स गॅम्बिटच्या एक्स्चेंज प्रकारातून येते. १. डी४ डी५ २. सी४ ई६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. सी×डी५ ई×डी५ ५. उंट जी५ उंट ई७ ६. ई३ किल्लेकोट ७. उंट डी३, मग काळ्याचा बी८ वरचा घोडा डी७ वर, ८. घोडा एफ३ हत्ती ई८ ९. वजीर सी२ सी६ १०. किल्लेकोट घोडा एफ८. चौथ्या चालीत प्याद्यांची मारामारी झाली, तेव्हाच सगळं ठरलं. पांढऱ्याचं सी प्यादं गेलं आणि काळ्याचं ई प्यादं डी पट्टीवर आलं. कार्ल्सबाड म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी. तिथे १९२३ साली झालेल्या स्पर्धेवरून या रचनेला हे नाव पडलं. त्या स्पर्धेत अलेखाइन, बोगोल्युबोव्ह आणि मारोत्सी यांनी पहिला क्रमांक वाटून घेतला होता.

आता रचनेला तीन प्रश्न विचारा. कुठलीही रचना समोर आली तरी हेच तीन विचारायचे.

पहिला प्रश्न, कोणाची कुठली पट्टी अर्धी उघडी आहे? पांढऱ्याची सी पट्टी मोकळी आहे, कारण त्याचं सी प्यादं गेलेलं आहे, आणि पुढे सी६ वर काळं प्यादं उभं आहे. काळ्याची ई पट्टी तशीच मोकळी आहे आणि तिच्यावर पांढऱ्याचं ई३ उभं आहे. हत्ती कुठे न्यायचे, याचं उत्तर इथेच मिळतं.

दुसरा प्रश्न, कोणत्या बाजूला कोणाची प्यादी जास्त आहेत? वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन आणि काळ्याची तीन. राजाच्या बाजूला ई प्यादं धरून पांढऱ्याची चार आणि काळ्याची तीन. मधे डी४ आणि डी५ एकमेकांना अडवून उभी आहेत.

तिसरा प्रश्न, कोणाच्या मोहऱ्याला ठाणं कुठे मिळेल? पांढऱ्याच्या घोड्यांना ई५ आणि सी५ खुणावतात, काळ्याच्या घोड्यांना ई४ आणि सी४. ही चारही घरं आज तरी प्याद्यांनी राखता येतात. काळा एफ६ खेळून ई५ धरू शकतो, पांढरा एफ३ खेळून ई४. पण दोघांनाही त्याची किंमत मोजावी लागते. एफ३ खेळलं की ई३ चा आधार जातो, आणि काळ्याचे हत्ती त्याच पट्टीवर टपलेले असतात.

एक गोष्ट या तीन प्रश्नांत बसत नाही, तरी ती लक्षात असू द्या. काळ्याची सी६ आणि डी५ ही प्यादी पांढऱ्या घरांवर आहेत, त्यामुळे त्याचा सी८ वरचा उंट कोंडलेला आहे. त्याला बाहेर कुठे काढायचं, ही काळ्याची सुरुवातीपासूनची डोकेदुखी असते. वजीर सी२ आणि उंट डी३ ही पांढऱ्याची जोडी एफ५ वर डोळा ठेवते, ती या उंटाला तिथे सहज येऊ न देण्यासाठीच.

दोन प्यादी तिघांवर का चाल करतात

पांढऱ्याचा मुख्य बेत म्हणजे मायनॉरिटी अटॅक. बी प्यादं बी४, बी५ असं पुढे नेऊन सी६ वर आदळायचं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, कारण आपण जिथे कमी तिथेच चाल करायची. पण इथे प्यादं जिंकायचं किंवा वजीर बनवायचा हा हेतूच नसतो. हेतू असतो काळ्याची सुटसुटीत साखळी मोडण्याचा. एकमेकांना धरून उभ्या असलेल्या तीन प्याद्यांवर दोन प्यादी आदळून अदलाबदल झाली की काळ्याकडे एकटं, निराधार प्यादं उरतं.

बी५ आल्यावर काळ्यापुढे तीन वाटा असतात. तिन्ही पटावर खेळून बघा.

काळ्याने काहीच केलं नाही, तर पांढरा बी×सी६ खेळतो आणि काळा बी×सी६ असं परत मारतो. आता सी६ मागे पडलेलं प्यादं झालं. त्याला धरायला शेजारी प्यादं नाही आणि समोर पांढऱ्याची मोकळी सी पट्टी आहे. शिवाय डी५ चा आधार तेच असल्यामुळे त्याला हलताही येत नाही.

काळ्याने सी×बी५ मारलं, तर सी६ ची अडचण मिटते, पण डी५ एकाकी होतं, म्हणजे शेजारच्या पट्ट्यांवर त्याला धरणारं प्यादं उरत नाही. त्याच्या पुढ्यात पांढऱ्याचं डी४ असल्यामुळे ते पुढे सरकून सुटूही शकत नाही. बी७ वरचं प्यादंही मग उघड्यावर येतं.

काळ्याने सी६-सी५ असं पुढे सरकून उत्तर दिलं, तर पांढरा डी×सी५ मारतो आणि डी५ पुन्हा एकाकी पडतं. फरक इतकाच की काळ्याची मोहरी जरा मोकळी होतात. म्हणून तिघांतली ही वाट पुष्कळदा सगळ्यात कमी वाईट असते. बचावाकडे वळल्यावर तिच्याकडे परत येऊ.

हल्ला: क्रमाने

११ व्या चालीपासून सुरू करा. पांढरा ए१ वरचा हत्ती बी१ वर आणतो. बी प्यादं पुढे जाणार असेल तर त्याच्यामागे हत्ती हवाच. काळा बहुधा ए५ खेळून बी४ थोपवतो. मग १२. ए३ घोडा जी६ १३. बी४ ए×बी४ १४. ए×बी४, आणि पुढच्या चालीत बी५ येणार. काळ्याने ए५ ऐवजी ए६ खेळलं, तर आधी ए४ आणि मग बी५. दोन्ही प्रकारांत ए प्यादी पटावरून गेली तर ए७ चं ओझं काळ्याच्या डोक्यावरून उतरतं आणि ए पट्टी त्याच्या हत्तीला मिळते. म्हणून काळा ही अदलाबदल आनंदाने करतो. पांढऱ्याने तिची धास्ती घेऊ नये, पण काळ्याला ती फुकट मिळते आहे का, हे बघावं.

या टप्प्यावर पांढऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्न असा: काळ्या घरांवरचे उंट पटावर ठेवायचे की घालवायचे? माझ्या मते घालवणं बहुधा चांगलं, कारण आपल्या घोड्याला सी५ वर बसायचं आहे आणि ते काळं घर आहे. ई७ किंवा डी६ वरचा काळ्याचा उंट त्या घरावर पहारा देतो. तो गेला की सी३-ए४-सी५ ही घोड्याची वाट मोकळी होते. मात्र अदलाबदलीने काळ्यालाही श्वास घ्यायला जागा मिळते, त्यामुळे उगाच घाई करून त्याला ती देऊ नये.

आता सर्वांत जास्त चुका जिथे होतात ते ठिकाण: बी५ खेळून झालं की लगेच बी×सी६ मारण्याचा मोह. तो टाळा. प्यादी एकमेकांना भिडलेली असतात तोवर काळ्याला तिन्ही वाटांचा हिशोब सतत ठेवावा लागतो. तुम्ही मारलंत की प्रश्न सुटला, आणि बी पट्टी त्याच्याही हत्तीसाठी उघडली. तुमचा हत्ती बी१ वर तयार असेल, दुसरा सी१ वर आला असेल आणि बी पट्टी आपल्याच ताब्यात राहील अशी खात्री असेल, तेव्हाच मारा.

१९४८ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत स्मिस्लोव्हने केरेसविरुद्ध हा बेत नमुनेदार खेळून दाखवला. हत्ती बी१ वर, बी४, बी५, आणि मग सी६ वर मार. केरेसने प्याद्याऐवजी उंटाने परत मारलं, म्हणजे त्या क्षणी तरी सी६ वर मागे पडलेलं प्यादं तयार झालं नाही. स्मिस्लोव्हने स्वतःचा उंट बी५ वर आणून त्या उंटाशीच अदलाबदल केली. आता काळ्याला बी×सी६ मारावंच लागलं. हवी होती ती कच्ची जागा पांढऱ्याला मिळाली आणि त्याचा हत्ती बी७ वर घुसला. मोहऱ्याने प्याद्याची जागा भरून काढली असेल तर तेच मोहरं बदलून टाकायचं, हा धडा फक्त याच रचनेपुरता नाही.

सी६ कच्चं झाल्यावर खरं काम सुरू होतं. डाव जिंकलाच, असं समजून इथे बरेच जण ढिले पडतात. एका कच्च्या प्याद्याला काळा दोन-तीन मोहऱ्यांनी धरून ठेवू शकतो, आणि नुसतं त्याच्याकडे बघत बसून काही होत नाही. वेढा असा घाला: हत्ती सी१ वर, वजीर ए४ किंवा सी२ वर, घोडा सी५ वर, आणि जमलं तर दुसरा हत्ती बी पट्टीवरून सहाव्या-सातव्या ओळीत. काळ्याचे हत्ती आणि वजीर सी६ ला बांधले गेले की राजाच्या बाजूला दुसरी आघाडी उघडा. योग्य वेळी ई३-ई४, किंवा एच प्यादं पुढे नेऊन त्याच्या राजासमोरची प्यादी हलवायला लावणं, यांपैकी काहीतरी. एक कच्ची जागा राखणारा माणूस दोन राखताना मोडतो. सी६ वर ताण देता देता दुसरी जागा तयार करण्याचा धीर ज्याच्याकडे आहे, त्यालाच ही रचना पूर्ण गुण देते.

दुसरा बेत: घोडा ई२ वर असेल तर

पांढऱ्याचा घोडा एफ३ ऐवजी ई२ वर आला असेल, तर एफ प्यादं मोकळं राहतं आणि बेत बदलतो: एफ३, मग ई४, मधे रुंद आघाडी. समोरच्याचा जी१ वरचा घोडा कुठे जातो हे बघून त्याचा हेतू बऱ्याचदा ओळखता येतो.

मॉस्कोत १९५२ साली बोट्विनिक केरेसविरुद्ध असं खेळला. गंमत म्हणजे ११ व्या चालीत त्याने हत्ती बी१ वर नेला, जणू मायनॉरिटी अटॅकच करायचा आहे. १३ व्या चालीत एफ३ आलं आणि १४ व्या चालीत तोच हत्ती बी१ वरून ई१ वर. २० व्या चालीत ई४, काळ्याने मारलं, एफ प्याद्याने परत मारलं, आणि २२ व्या चालीत ई५. त्या प्याद्याच्या आधाराने पांढरा घोडा डी६ वर जाऊन बसला आणि ३७ व्या चालीला केरेसने डाव सोडला. पूर्ण डाव पाहताना काळ्याच्या सी प्याद्यावर नजर ठेवा. ते बराच काळ सी६ वरच राहिलं, सी५ कधी आलंच नाही. एफ३ खेळून पांढऱ्याने ई३ आणि डी४ नाजूक केली होती, आणि त्याला जाब विचारण्याचं साधन सी५ हेच होतं. पुढे १९८८ मध्ये बेलफोर्टला कास्पारोव्हनेही अँडरसनविरुद्ध एफ३ आणि ई४ च्या याच मार्गाने विजय मिळवला.

तिसरा बेतही आहे. पांढरा वजिराच्या बाजूला किल्लेकोट करतो आणि जी४, एच४ अशी प्यादी काळ्या राजावर सोडतो. त्यात कोण आधी पोचतं हाच सगळा हिशोब. तिथे काळ्याने आधीच एच६ खेळून ठेवलं असेल, तर जी५ ला धडकायला आयतं निशाण मिळतं. त्यामुळे पांढऱ्याने किल्लेकोट कुठे केला हे कळेपर्यंत काळ्याने एच६ सवयीने खेळू नये.

काळ्याचा बचाव

बचाव म्हणजे सी६ जवळ मोहरी गोळा करून वाट बघणं, असं समजलात तर डाव हळूहळू गळत जाईल. या रचनेत काळ्याकडे खरी प्रतिचाल आहे आणि ती आधीपासून तयार ठेवावी लागते. पांढऱ्याला बी५ पर्यंत पोचायला किती चाली लागतात ते मोजा. हत्ती बी१, बी४, बी५ मिळून निदान तीन, आणि तुमच्या ए५ मुळे ए३ खेळावं लागलं तर चार. तेवढ्या चाली तुमच्या आहेत.

सर्वांत आधी कोंडलेला उंट. पांढऱ्या घरांवरचे उंट बदलता आले तर काळ्याचा निम्मा त्रास संपतो. घोडा एफ८ वरच ठेवून उंट जी४, एच५ असा जी६ वर आणायचा आणि डी३ च्या उंटाला समोरासमोर गाठायचं. किंवा आधी जी६ हे प्यादं खेळून एफ५ ला आधार द्यायचा आणि उंट तिथे आणायचा. प्याद्याची ही चाल राजासमोरची काळी घरं कमकुवत करते, म्हणून ती करायची तर पांढऱ्याचा काळ्या घरांवरचा उंट पटावरून गेलेला असावा. नियम म्हणून एवढं लक्षात ठेवा: बचाव करताना प्यादं हलवलं की त्याने कोणती घरं सोडली हे आधी बघा, त्याने काय मिळवलं हे नंतर.

उंट बदलले गेले की काळ्याच्या घोड्यासाठी डी६ हे सोन्यासारखं घर उरतं. तिथून तो बी५, सी४, ई४ आणि एफ५ वर नजर ठेवतो, शिवाय बी७ ला आधार देतो. पांढऱ्याची बी५ ही चाल नुसत्या त्याच्या उपस्थितीने अवघड होते. कार्ल्सबाडमध्ये काळ्याने एकच मोहरं योग्य घरी पोचवायचं ठरवलं, तर ते हे असावं.

आता बी७-बी५. नियमांच्या पुस्तकाप्रमाणे ही भयंकर चाल आहे. सी६ कायमचं मागे पडतं आणि सी५ वर भोक पडतं. तरीही योग्य वेळी ती काळ्याची सर्वोत्तम चाल ठरते. योग्य वेळ कोणती? पांढऱ्याने बी४ खेळून झाल्यावर, आणि काळ्याचा घोडा बी६ किंवा डी६ वरून सी४ ला एक-दोन चालींत पोचत असेल तेव्हा. बी प्यादं बी४ वर गेलेलं असल्यामुळे सी४ वरच्या घोड्याला बी३ ने हाकलता येत नाही. घोडा तिथे बसला की सी पट्टी बंद, सी६ सुरक्षित, आणि हल्ला जागच्या जागी थिजतो. पांढऱ्याने उंटाने तो घोडा मारला, तर प्याद्याने परत मारून काळ्याला सी४ वर मोकळं प्यादं मिळतं, म्हणजे ज्याला पुढे अडवायला पांढऱ्याचं प्यादंच नाही असं. पांढऱ्यानेही मग हात जोडून बसू नये. ए४ खेळून ए पट्टी उघडायची, घोडा डी२ वरून सी४ च्या घोड्याशी बदलायचा, आणि मुख्य म्हणजे मधे ई४ ची धडक द्यायची. घोडा सी४ ला पोचण्याआधीच बी५ खेळलात, तर मात्र सी६ उघडं पडतं आणि तुम्हीच तुमच्या हाताने पांढऱ्याचं काम केलेलं असतं.

तिसरी प्रतिचाल राजाच्या बाजूची. पांढऱ्याची मोहरी वजिराच्या बाजूला गुंतलेली असताना काळा घोडा ई४ वर बसवतो, एफ५ ने त्याला आधार देतो, ई८ चा हत्ती ई६ वरून एच६ किंवा जी६ ला नेतो, उंट डी६ वर एच२ कडे रोखतो आणि वजीर एच४ वर आणतो. ई४ च्या घोड्याला एफ३ ने हाकललं तर ई३ ढासळतं, म्हणून पांढऱ्याला पुष्कळदा उंट देऊनच तो घोडा मारावा लागतो. हा हल्ला सुरू असताना सी६ चं प्यादं गेलं तरी काळ्याने विचलित होऊ नये. तिकडे एक प्यादं आणि इकडे राजा, असा सौदा असतो.

आणि शेवटी, बी×सी६ बी×सी६ होऊन गेल्यावर काय? इथे बहुतेक काळे खेळाडू निमूटपणे सी६ धरून बसतात. त्याऐवजी सी५ ची धडक कधी देता येईल ते प्रत्येक चालीला तपासा. डी×सी५ नंतर डी५ एकाकी पडेल, पण मोहरी मोकळी असतील तर एकाकी डी५ सांभाळणं हे मागे पडलेलं सी६ सांभाळण्यापेक्षा कितीतरी सोपं. एकाकी प्याद्याच्या दोन्ही बाजूंना उघड्या पट्ट्या असतात आणि मोहऱ्यांना काम असतं. मागे पडलेल्या प्याद्याची मोहरी मात्र पहारेकरी होऊन बसतात. सी५ शक्य नसेल, तर शक्य तितकी मोहरी बदला, पण सगळी नको. फक्त हत्ती उरलेल्या शेवटात सी६ चं ओझं आणखी जाणवतं, तर वजीर किंवा ठाण्यावरचा घोडा पटावर असेपर्यंत प्रतिहल्ल्याची धमकी जिवंत राहते.

हेच प्रश्न दुसऱ्या रचनांना

कार्ल्सबाड हातात बसल्यावर बाकीच्या रचना लवकर उमगतात. फ्रेंच बचावात पांढरा ई५ ला गेला की डी४-ई५ ही साखळी तयार होते, आणि काळा तिच्या मुळावर, म्हणजे डी४ वर, सी५ ने धडक देतो. पांढऱ्याने सी३ ने आधार दिला तर मूळ एक घर मागे सरकतं, एवढंच. किंग्ज इंडियनमध्ये मध्य बंद झाला की पांढरा सी५ कडे आणि काळा एफ५-एफ४ कडे धावतो. ज्याची साखळी ज्या दिशेला रोखलेली, तो त्या बाजूला चाल करतो. प्रत्येक ठिकाणी शोधायचं तेच: माझ्या प्याद्याने त्याच्या प्याद्याला धडक देता येईल अशी जागा कोणती, आणि ती धडक बसल्यावर कोणाच्या मोहऱ्यांना पट्ट्या मिळतील?

सराव

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या पट-संपादकात ११ व्या चालीची स्थिती मांडा आणि तुमच्याच ताकदीच्या मित्रासोबत खेळा. पांढऱ्याला फक्त मायनॉरिटी अटॅकच खेळायची अट घाला. मग रंग बदला. मग अट बदला, आता पांढऱ्याने एफ३-ई४ खेळायचं, म्हणजे घोडा ई२ वर ठेवून सुरुवात करा. संगणकाला मूल्यांकन विचारू नका, निदान डाव संपेपर्यंत. तो तुम्हाला ०.३ की ०.४ एवढंच सांगेल, पण सी५ ला घोडा कसा न्यायचा हे शिकवणार नाही. डाव संपल्यावर एकच नोंद करा: पहिली प्याद्यांची मारामारी कोणत्या चालीला झाली आणि ती कोणाच्या सोयीची होती.

एवढं झालं की कॅरो-कानचा एक्स्चेंज प्रकार उघडा: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई×डी५ सी×डी५, आणि पुढे पांढऱ्याचं सी३. नीट बघा, हीच रचना आहे, रंग तेवढे उलटे. आता वजिराच्या बाजूला दोन प्यादी काळ्याची आहेत आणि बी७-बी५-बी४ अशी चाल तोच करणार. पांढऱ्याकडे ई पट्टी आणि ई५ चं ठाणं आहे, म्हणजे राजावरचा हल्ला त्याच्याकडे. १९७० साली बेलग्रेडला फिशर पेट्रोस्यानविरुद्ध हाच प्रकार पांढऱ्याने खेळला आणि जिंकला. तो डाव लावा, आणि प्रत्येक चालीला थांबून आधी काळ्याच्या जागी बसून बी४ ची तयारी कुठवर आली ते मोजा, मग पांढऱ्याच्या जागी बसून राजाकडे किती मोहरी वळली ते मोजा.